दुर्बीण दुरुस्ती, पोवई नाका, सातारा: एका ताऱ्याचे दोन दिसत होते, आता एकच दिसतो

माझी १०×५० दुर्बीण बावीस वर्षांची. यंदा पावसाळ्यात प्रिझमवर बुरशी चढली, त्यात कट्ट्यावरून पडली आणि एका ताऱ्याचे दोन दिसू लागले. पुण्यातल्या एका दुकानाने न उघडताच "नवीन घ्या" म्हणून सांगितलं. शेवटी पोवई नाक्याजवळच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात नेली.

काकांनी बुरशी पुसली, वरचं रबर अलगद उचलून खालचे बारीक स्क्रू मोकळे केले. मग दारात उभं राहून दुर्बीण अजिंक्यताऱ्यावरच्या टीव्हीच्या मनोऱ्यावर लावली. स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा बघायचं. दोन मनोरे एकावर एक बसायला पाऊण तास लागला. "आता तुम्ही बघा, डोळ्यावर ताण येतोय का?"

नाही आला. "एवढी कशाला लागते?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी एक्स पर्सेईबद्दल बोलत बसलो. ययाती तारकासमूहातल्या झीटा ताऱ्याच्या खाली, कृत्तिकांच्या बाजूला, एका अंशाच्याही आत हा तारा आहे. त्याच्याभोवती न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिशय दाट गाभा, फिरतो आणि साधारण दर १४ मिनिटांनी क्ष-किरणांचा ठोका देतो. १९७० साली सोडलेल्या उहुरू उपग्रहाने असे क्ष-किरणांचे स्रोत शोधले, पण जागा कळायची ती ढोबळ. आकाशाच्या त्या तुकड्यात तारे अनेक, मग त्यातला नेमका कोणता? शौरी तारकासमूहातल्या अशाच एका स्रोताचं कोडं १९७२ मध्येच सुटलं: क्ष-किरण दर १.७ दिवसांनी झाकले जायचे आणि एचझेड हर्क्युलिस हा तारा त्याच तालावर उजळायचा, मंदावायचा. एक्स पर्सेईत असं ग्रहण नाही. त्याची सुमारे २५० दिवसांची कक्षा पक्की व्हायला २००१ उजाडलं.

तो ठोका दुर्बिणीतून दिसत नाही. दिसतं ते मोठ्या ताऱ्याचं तेज. भोवतालची वायूची चकती विरली की तो मंदावतो, १९९० च्या सुमारास तसंच झालं होतं. हे शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचं, तर प्रत्येक तारा एकच दिसायला हवा.

अमावास्येला यवतेश्वरला चटई टाकून पडलो. रात्री अकराला ययाती जवळपास डोक्यावर. झीटा एक, एक्स पर्सेई एक, दोन्ही टाचणीच्या टोकाएवढे. महिन्यांनी वहीत नोंद झाली.

७५० रुपये घेतले. चार दिवस सांगून अकरा लावले, त्यामुळे आधी फोन करूनच जा. फोकसचं चाक अजून जड फिरतंय, ते पुढच्या आठवड्यात दाखवणार आहे.