तोरणमाळचं बुकिंग : ७,२०० रुपये ५० पैसे

दिवाळीच्या सुट्टीत तोरणमाळला जायचं, यशवंत तलावाच्या काठी एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी घरी, एवढाच बेत होता. आम्ही धुळ्याचे. आप्पा, माय, बायको, दोन पोरं, शिवाय शहाद्याहून बहीण आणि मेहुणे. मी धरून आठ माणसं म्हणून दोन खोल्या हव्या होत्या. मोबाइलवर नकाशात शोधलं, तलावाजवळच्या निवासाचं नाव आलं, खाली फोनचं बटण होतं. दाबलं.

समोरचा माणूस फार चांगला बोलला. हे मुद्दाम लिहितोय, कारण फसवणारा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे घाई करणारा, दरडावणारा माणूस येतो. याला कसलीच घाई नव्हती. "तलावाच्या बाजूची रूम देऊ की मागची, सर?" विचारलं. आईवडील सोबत आहेत म्हटल्यावर म्हणाला, "मग तळमजल्यावरच देतो, बाबांना जिने नकोत." आप्पांचे गुडघे खरंच दुखतात. मी तिथेच विरघळलो.

खोलीला २,४०० रुपये, दोन्ही वेळचं जेवण आणि बोटिंग त्यातच. दोन खोल्यांचे ४,८००, निम्मे आधी. व्हॉट्सअॅपवर फोटो आले, तलावाचे, पलंगांचे, पांढऱ्या चादरींचे. डीपीला सरकारी वाटणारा शिक्का. मी २,४०० पाठवायला घेतले तर स्क्रीनवर कुणा बाईचं नाव. विचारलं. "अकाउंटंट मॅडमचं खातं आहे सर, ऑफिसचं दिवाळीमुळे बंद आहे." सरकारी निवासाचे पैसे एखाद्या मॅडमच्या खात्यात कशाला जातील, हे मला सुचायला हवं होतं. मी पतसंस्थेत काउंटरवर बसतो. लोकांना दिवसभर सांगत असतो, ओटीपी कुणाला देऊ नका. आणि खरं सांगतो, मी ओटीपी दिलाच नाही. त्याने मागितलाच नाही.

पाच मिनिटांनी फोन आला. "सर, सिस्टिमने एन्ट्री घेतली नाही. २,४०० रुपये ५० पैसे असं टाकावं लागतं, पैशांवरून बुकिंग ओळखतं. पुन्हा टाका, आधीचे आपोआप परत येतील." हे ५० पैसे फार हुशारीचे होते. एवढा बारीक हिशेब सांगणारा माणूस खोटा कसा असेल, असं वाटतं. मी टाकले. आधीचे काही आले नाहीत. मग त्याने क्यूआर कोड पाठवला, खाली टीप : "रिफंड". "स्कॅन करा सर, तुमचे २,४०० तुमच्याकडे येतील."

स्कॅन केल्यावर स्क्रीनवर काय होतं ते आता डोळ्यासमोर आहे. वर मोठ्या अक्षरांत २,४००. त्याखाली बारीक अक्षरांत "रिफंड". आणि तळाशी रुंद बटण, त्यावर "पे". मी "रिफंड" वाचलं आणि "पे" दाबलं. पिन टाकला. खात्यातून २,४०० आणखी गेले.

मी ओरडलो तर तो माझ्याहून जास्त घाबरला. "अरे बापरे सर, उलटी एन्ट्री पडली! सात वर्किंग डे लागतील, पण येणार शंभर टक्के." लगेच बुकिंगची पीडीएफ आली. माझं नाव, खोली क्रमांक, तलावाचा फोटो. मी घरात कुणाला काही बोललो नाही. सात दिवसांत येतीलच, उगाच बायकोचं बोलणं कशाला ऐका.

त्या सात दिवसांनीच माझा घात केला, हे नंतर कळलं.

पहाटे पाचला निघालो. सोनगीर, चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा. बहिणीकडे चहा, मग म्हसावदवरून सातपुडा चढायला सुरुवात. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे, घाटाची वळणं चढता चढता हवा बदलते. नोव्हेंबरात तलाव भरलेला, डोंगर अजून हिरवे. पोरं गाडीतूनच ओरडली.

निवासाच्या माणसाने माझ्या मोबाइलमधली पीडीएफ बघितली आणि सरळ सांगितलं, "भाऊ, हे आमचं नाही." त्याने जाडं रजिस्टर उघडून दाखवलं. त्या तारखेच्या सगळ्या खोल्या दुसऱ्यांच्या नावावर. "मागच्या आठवड्यात नाशिकचे लोक आले होते. त्यांच्याकडेबी हाच कागद."

मग सगळ्यांसमोर सगळं सांगावं लागलं. आप्पा एसटीत कंडक्टर होते, त्यांच्याकडे अजून बटणाचा फोन आहे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पैसा लेवाले पिन कशाले लागस रे?"

बायको काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

माय म्हणाली, "बठ आते, जेवी ले पहिले." तलावाच्या काठी सतरंजी टाकून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बहिणीने आणलेलं भरीत खाल्लं. बोट त्या दिवशी पाण्यात एकही नव्हती. पोरांनी चपट्या दगडांच्या भाकऱ्या काढल्या, मेहुण्यांनी त्यांना सीताखाई दाखवून आणली. मी मोबाइल वर धरून रेंज शोधत काठाकाठाने फिरत होतो. एक कांडी यायची, जायची. अंधारात घाट नको म्हणून चारलाच उतरलो.

म्हसावदजवळ रेंज आल्यावर १९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. घेणाऱ्याने व्यवहारांचे नंबर, तारीख, वेळ नीट विचारून घेतली. मग म्हणाला, "तक्रार घेतो, पण अकरा दिवस झाले. त्याच दिवशी फोन केला असता तर ज्या खात्यात पैसे गेले तिथे रोखायचा प्रयत्न करता आला असता." म्हणजे "सात वर्किंग डे" हे मला पैसे परत मिळावेत म्हणून नव्हतं. तेवढा वेळ मी गप्प बसावं म्हणून होतं. मी बसलो.

बँकेतही अर्ज दिला, पीडीएफ आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. त्या मॅडमच्या खात्यातून पैसे त्याच संध्याकाळी निघून गेले होते. आमच्या मॅनेजर साहेबांचं म्हणणं, अशी खाती बऱ्याचदा कुणाची तरी भाड्याने घेतलेली असतात, त्या बाईला कदाचित पत्ताही नसेल.

नकाशावरचा फोन नंबर कुणालाही "बदल सुचवा" करून बदलता येतो, हे मला भाच्याने दाखवलं. त्याच वाटेने मी चुकीच्या नंबरची तक्रार केली. चार दिवसांनी नंबर गेला. परवा पुन्हा बघितलं तर त्या जागी नवा नंबर होता. खरा आला असेल म्हणून लावला.

"बोला सर," तोच आवाज, "तलावाच्या बाजूची देऊ की मागची?"