दोस्तांसोबत स्कायरिम की मॉरोविंड?

स्कायरिम आणि मॉरोविंड हे एल्डर स्क्रोल्स मालिकेतले एकट्याने खेळायचे व्हिडिओ गेम. त्या जगात चौघांनी मिळून उतरायचं ठरवलं की गाडी बहुतेक दोन मॉड्सपाशी (चाहत्यांनी बनवलेल्या जोडण्यांपाशी) येऊन थांबते: २०२२ मध्ये आलेलं 'स्कायरिम टुगेदर रिबॉर्न' आणि मॉरोविंडचं 'टीईएस३एमपी'. आमच्या ग्रुपने दोन्ही भरपूर खेळलीत.

मारामारीत स्कायरिमला तोड नाही. एकाने ढाल धरून ड्रॅगन अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने मागून बाण सोडायचे, ही मजा एकट्याने खेळताना मिळत नाही. मॉरोविंड २००२ चा. समोरच्या खेकड्यावर तलवार बसताना डोळ्यांना दिसते, पण गेम आतल्या आत टाकतो त्या फाशांच्या आकड्यांनी साथ दिली नाही तर वार फुकट. नव्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

माझा कौल मात्र सेव्हवर, म्हणजे खेळातली प्रगती कुठे साठते यावर, ठरला. स्कायरिम टुगेदरमध्ये सेव्ह ज्याच्या त्याच्या मशीनवर राहतो आणि क्वेस्ट (कथेतली कामगिरी) पार्टी लीडर, म्हणजे गटाचा म्होरक्या, पुढे नेतो. सगळे हजर असले तर सुरळीत चालतं. पण ब्लीक फॉल्स बॅरो या थडग्यातून ड्रॅगनस्टोन नावाची शिळा आणून आम्ही फॅरेन्गार या जादूगाराला दिली, तरी त्या रात्री न आलेल्या मित्राच्या सेव्हमध्ये ती शिळा अजून बॅरोतच. मग एकतर सगळ्यांनी पुन्हा तिथे उतरायचं, नाहीतर कन्सोल (गेममधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून सेटस्टेज या आज्ञेने त्या मित्राची क्वेस्ट पुढे ढकलायची. नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांत कोणी ना कोणी गैरहजर असतंच, त्यामुळे खेळ सुरू होण्याआधी कोण कुठवर आलाय हे जुळवण्यातच वेळ जायचा.

टीईएस३एमपीत पात्रं, सामान, जग सगळं सर्व्हरवर असतं, आणि जर्नल (क्वेस्टच्या नोंदींची वही) सगळ्यांसाठी सामायिक ठेवता येतं. सेडा नीन या सुरुवातीच्या गावात ह्रिस्कार नावाच्या पात्राने फारगॉथ या गावकऱ्यावर पाळत ठेवायला सांगितली, दोघं रात्री दीपगृहावर चढले, लपवलेला ऐवज सापडला. न आलेल्याने नंतर लॉगिन केलं तेव्हा त्याच्या जर्नलमध्ये सगळ्या नोंदी तयार होत्या! एखादी जागा बिघडलीच तर सर्व्हर बंद करून त्या सेलची (नकाशाच्या चौकोनाची) जेसन फाइल, म्हणजे तिथली साठवलेली माहिती, उडवायची (सेडा नीनची '-२, -९'), की ती पुन्हा कोरी. तिथे ठेवलेलं सामानही जातं, एवढं सांभाळा.

हे जमतं कारण टीईएस३एमपी ओपनएमडब्ल्यू या मुक्त इंजिनवर (मॉरोविंड चालवणाऱ्या, कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रोग्रॅमवर) उभं आहे, त्यामुळे मल्टिप्लेअर इंजिनच्या आतच बसवता आलं. स्कायरिमवाल्यांना बंद प्रोग्रॅममध्ये बाहेरून शिरावं लागतं, आणि गेम अपडेट झाला की मॉडच्या नव्या आवृत्तीची वाट पाहणं आलं. उलट मॉरोविंडच्या स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर (मूळ गेमला जास्तीच्या क्षमता देणाऱ्या साधनावर) चालणारी मॉड्स ओपनएमडब्ल्यूवर चालत नाहीत. त्यांत काही फार सुंदर आहेत, त्याची हळहळ मला आजही वाटते.

तुम्ही दोघंच असाल आणि नेहमी एकत्रच बसत असाल, तर स्कायरिम कदाचित जास्त आवडेल. तिघं-चौघं असाल तर मी टीईएस३एमपीच सुचवेन. मॉड्सची यादी तेवढी पात्रं बनवण्याआधी पक्की करा. फाइल्स किंवा त्यांचा क्रम जुळला नाही तर सर्व्हर दारातच अडवतो.