मुंबई–दुबई विमानप्रवास: बरेच महिने ये-जा केल्यानंतरचा अनुभव

नोकरी दुबईत आणि घर डोंबिवलीत, त्यामुळे या मार्गावर माझी सतत ये-जा असते. नव्याने जाणाऱ्यांचा वेळेच्या हिशेबात गोंधळ होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

हवाई अंतर साधारण १,९३० किमी. मुंबईहून गुवाहाटी याहून लांब आहे! अंतर काढून देणाऱ्या साइट ताशी ८०० किमीच्या वेगाने भागाकार करून अडीच तासांच्या आत पोचवतात. त्यावर अजिबात विसंबू नका. तिकिटावरची वेळ म्हणजे विमान इथल्या गेटवरून हललं की तिथल्या गेटला लागेपर्यंतची. ती जाताना सव्वातीन तासांच्या आसपास आणि येताना पावणेतीन ते तीन तास धरा.

अंतर तेच असून हा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात आखाती देश आणि उत्तर भारतावर खूप उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. पावसाळ्यात वाऱ्याचा हा पट्टा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, मग जाण्यायेण्यातली तफावत बरीच कमी होते.

पण वाऱ्याने वाचवलेली मिनिटं मुंबईवर आल्यावर हमखास जातात. इथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. समोरच्या स्क्रीनवरचं विमानाचं चित्र समुद्रावर गोल फिरायला लागलं की समजायचं, रांगेत आहोत. पुढे पुण्या-नागपूरची जोडफ्लाइट असेल तर मध्ये चार तास तरी ठेवा, पावसाळ्यात त्याहून जास्त.

घड्याळाचाही हिशेब नीट करा. दुबई दीड तास मागे आहे. पहाटे साडेचारला निघालात की तिथे सव्वासहाला उतरता आणि सकाळी ऑफिसला हजर राहता येतं, फक्त झोपेचं खोबरं होतं. उलट रात्री दहाला दुबई सोडलं तर इथे अडीच वाजलेले असतात. तेव्हा ना मेट्रो, ना लोकल. दिवसाच्या फ्लाइटला मात्र मी घाटकोपरहून मेट्रो एक धरतो, मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो तीनमध्ये बदलतो आणि पुढच्याच स्टेशनला टर्मिनल दोन येतं. सामान कमी असेल तर यासारखी सोय नाही.

दिल्लीच्या सहकाऱ्यांचं गणित वेगळं आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यापासून त्यांची विमानं गुजरातवरून खाली समुद्राकडे येऊन मग पश्चिमेला वळतात. आपला मार्ग मुळातच अरबी समुद्रावरून ओमानकडे जातो, त्यामुळे त्याला ती झळ नाही.

घरून निघून दुबईतल्या खोलीचं दार उघडेपर्यंत माझे आठ-नऊ तास जातात. म्हणजे हवेत असतो त्याच्या दुप्पट वेळ जमिनीवर जातो. शुक्रवारी संध्याकाळी दुबईहून निघणाऱ्या फ्लाइट शक्यतो टाळा. शनिवार-रविवारची सुट्टी असल्यामुळे तिकीट महाग असतं आणि इमिग्रेशनलाही गर्दी होते. आईवडिलांना पहिल्यांदा नेत असाल तर दिवसाचीच फ्लाइट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि त्यांना खिडकीची जागा द्या. समुद्र संपला की ओमानचे उघडेबोडके तपकिरी डोंगर दिसतात. ते मागे पडले की अर्ध्या-पाऊण तासात विमान उतरतं.