बिटएक्स की क्यूसीएक्स: पहिली क्यूआरपी रिग कुठली बांधावी?

बिटएक्स आणि क्यूसीएक्स म्हणजे हौशी (हॅम) रेडिओवाल्यांनी स्वतः बांधायचे, कमी शक्तीवर (क्यूआरपी) चालणारे ट्रान्समीटर-रिसीव्हर संच, अर्थात रिग. मी दोन्ही बांधल्यात. आधी 20 मीटर तरंगलांबीच्या बँडचा बिटएक्स, अश्हर फरहान (कॉलसाइन व्हीयू2ईएसई) यांच्या मूळ आराखड्याबरहुकूम. मग त्याच बँडचा क्यूसीएक्स. मोर्सशी वैर असेल तर प्रश्नच मिटला. क्यूसीएक्स फक्त सीडब्ल्यूचा, म्हणजे मोर्स संकेतांचा, तेव्हा बोलता येणारा बिटएक्सच घ्या.

बिटएक्सची मजा साध्या सुट्या भागांत आहे. 10 मेगाहर्ट्‌झचे क्रिस्टल, शेवटी आयआरएफ510 ट्रान्झिस्टर, कॉइल गुंडाळायला चक्क नळाचा वॉशर. एक टप्पा बांधायचा, तिथंच तपासायचा, मग पुढचा. रिसीव्हर आतून कसा चालतो हे मला यातूनच कळलं, हॅम परवान्याच्या परीक्षेच्या पुस्तकातून नव्हे.

पण तो व्हीएफओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर! 4 मेगाहर्ट्‌झचा माझा ऑसिलेटर अर्धा तास तापवला तरी पंखा लावला की ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकायचा. मे महिन्यात पंखा बंद करून घाम पुसत गप्पा मारायच्या, आणि मधेच पलीकडून ऐकायचं, "ओएम, सरकताय." (ओएम म्हणजे ओल्ड मॅन, हॅम मित्राला मारायची हाक.) कॉइलवर मेण ओतलं, कपॅसिटर बदलले, पत्र्याचा डबा केला. फरक पडला, पण पुरेसा नाही. दोष माझ्याच हाताचा असावा. निगुतीनं बांधणाऱ्यांचे स्थिर राहतातही. सिंथेसायझर (स्थिर फ्रिक्वेन्सी तयार करणारी चिप) जोडायचा उपाय आहेच, पण एव्हाना माझा धीर सुटला होता.

क्यूसीएक्समध्ये एसआय5351 सिंथेसायझर असल्यानं ही कटकट उरली नाही. शिवाय त्याचे रचनाकार हान्स समर्स यांनी जुळणीसाठी लागणारा सिग्नल जनरेटर आतच दिलाय. स्क्रीनवरची पट्टी बघत ट्रिमर (जुळणीचे छोटे फिरते भाग) फिरवायचे, बस. ऑसिलोस्कोप नसलेल्याला हे फार मोठं.

त्याचाही छळ आहे: टी1 नावाचा ट्रान्सफॉर्मर. एका टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या गाभ्यावर) तारेच्या चार गुंडाळ्या. तारेच्या एका टोकाचं इनॅमलचं आवरण मी नीट खरवडलं नव्हतं, रिसीव्हर ठार बहिरा. दोन संध्याकाळी गेल्या, शेवटी मल्टिमीटरनं पकडलं. पण एकदा दुरुस्त केलं ते केलं.

डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टरांचा संच) मात्र दोन्हींसाठी आधी करा. 1 किलोओहमचे, 1 वॅटचे 20 रेझिस्टर समांतर जोडले की 50 ओहम. 5 वॅटला त्यावर शिखर व्होल्टेज साधारण 22 येतं. डायोड लावून मोजाल तर किंचित कमी.

बिटएक्स अजून फळीवर उघडा पडलाय, अधूनमधून त्यात डोकावतो. रात्री मोर्सची की दाबायला बसतो ते क्यूसीएक्सवर, पंखा पाचवर ठेवून.