सोल्डरिंगचं पहिलं सामान: आधी सकर बघा, मग आयर्न

सोल्डरिंग शिकणाऱ्याला सगळे विचारतात, "किती वॉटचं आयर्न घेतलंस?" मी विचारते, सकर, म्हणजे वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा स्प्रिंगचा पंप, कुठला घेतलास. नवीन माणूस जोडतो त्याहून जास्त उचकटतो. एलईडी उलटी बसते, रेझिस्टर शेजारच्या भोकात जातो, आयसीची, म्हणजे चिपची, खाच भलत्याच बाजूला येते. जोडायला साधंसुधं आयर्नही चालून जातं, पण काढताना हत्यार वाईट असेल तर बोर्डच कामातून जातो.

माझ्या भाचीसाठी दादाने ऑनलाइन एक भलाथोरला संच मागवला होता. झिपवाली पेटी, आत डझनभर वस्तू, ६० वॉटचं आयर्न. टिप पहिल्याच दिवशी काळी पडली आणि सोल्डर तिला धरेना, गोळी होऊन घरंगळायचं. सोल्डरच्या वायरच्या गुंडाळीवर मिश्रणाचं प्रमाणच छापलेलं नव्हतं. प्लगला पिन दोनच, म्हणजे अर्थिंगचा पत्ता नाही. सकरची स्प्रिंग तर इतकी मरतुकडी की सोल्डर जागचं हलायचं नाही. भाची म्हणाली, "आत्या, मलाच जमत नाहीये." बाई गं, हे कुणालाच जमलं नसतं. पेटी तेवढी ठेवून घेतली आणि तिला घेऊन पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांकडे गेले.

आयर्नबद्दल थोडक्यात. सोल्ड्रॉनचं साधं २५ वॉटचं आयर्न सुरुवातीला उत्तम. तापायला काही मिनिटं लागतात आणि तापमान हातात नसतं, पण रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, आयसी या कामाला पुरतं. जाड वायर किंवा ग्राउंडचा मोठा तांब्याचा पट्टा आला की दमतं. छंद टिकेल अशी खात्री असेल तर तापमान ठरवता येणारं स्टेशन घ्या. ९३६ नावाने मिळणाऱ्या स्टेशनांना ९००-एम जातीच्या टिपा बसतात आणि त्या सगळीकडे मिळतात. घेताना मल्टिमीटरने टिप आणि प्लगची अर्थ पिन यांत कंटिन्यूइटी, म्हणजे सलग जोडणी, आहे का बघा. ती नसेल तर ते स्टेशन दुकानातच राहू दे.

टिप मात्र बदलाच. सोबत येते ती सुईसारखी टोकदार, आणि नवशिक्याला वाटतं बारीक काम बारीक टोकानेच होणार. प्रत्यक्षात त्या टोकातून उष्णता पोचत नाही, मग माणूस दाबत बसतो. पटाशीसारखी चपटी, दोन-अडीच मिलिमीटरची टिप घ्या. तिला कानस किंवा पॉलिशपेपर लावू नका. वरचा लोखंडाचा थर गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं. ओला स्पंज किंवा पितळी चोथा, आणि काम संपल्यावर टिपेवर सोल्डरचा थर ठेवून स्विच बंद, एवढीच तिची निगा.

सोल्डरची वायर ६३/३७ ची, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं, ०.८ मिलिमीटरच्या आसपासची. हे मिश्रण १८३ अंशांना वितळतं आणि तिथेच सरळ घट्ट होतं. ६०/४० मध्ये किंचित लापशी अवस्था असते, तेवढ्यात हात हलला की जॉइंट मळकट दिसतो. तेही चालेल, पण शिसंविरहित वायर सुरुवातीला नकोच, तिला आणखी पस्तीसेक अंश जास्त लागतात. शिसं हाताला लागतं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि टेबलावर चिवड्याची वाटी ठेवू नका. आमच्याकडे या नियमावरून बरीच भांडणं झाली.

आता सकर. दुकानात घेताना दट्ट्या आत दाबा, सकरच्या नाकावर, म्हणजे टोकाच्या भोकावर, बोट घट्ट धरा आणि बटण दाबा. पिस्टन अडखळत वर यायला हवा. खटकन पूर्ण वर आला तर सील गळतंय, दुसरा मागा. "ताई, सगळे सारखेच असतात," असं ऐकावं लागलं, पण तिसरा सकर खरंच वेगळा निघाला. नाक उष्णता सोसणारं हवं, कारण ते वितळलेल्या सोल्डरला जवळजवळ टेकवायचं असतं. आयर्न न उचलता बटण दाबायचं. आधी आयर्न बाजूला करून मग सकर आणला तर तोवर सोल्डर गोठलेलं असतं. आणि जुना, मळका जॉइंट असेल तर आधी त्यावर थोडं नवं सोल्डर घाला. उलटं वाटतं, पण वायरच्या पोटातल्या ताज्या फ्लक्समुळे, म्हणजे मळ काढून सोल्डर पसरू देणाऱ्या पदार्थामुळे, सगळं एकजीव वितळतं आणि एका झटक्यात येतं.

स्प्रिंग जोरकस असली की हाताला दणका बसतो, म्हणून नाक बोर्डवर रेटायचं नाही. स्वस्त किटचे तपकिरी बोर्ड इथे फार नाजूक. त्यांचा पॅड, म्हणजे भोकाभोवतीची तांब्याची चकती, जास्त तापला की पापुद्र्यासारखा सुटतो. हिरवे काचतंतूंचे बोर्ड बरंच सोसतात, पण त्यांच्या भोकांना आतून तांबं असतं, त्यामुळे सोल्डर भोकातही अडकून राहतं.

जे सकरने निघत नाही त्याला विक, म्हणजे फ्लक्स लावलेली तांब्याची विणलेली पट्टी. उघड्यावर पडून काळपटलेली घेऊ नका, ती शोषत नाही. बोटांनी गुंडाळी धरा, पट्टी नाही, चटका बसतो. आयर्न आणि पट्टी एकदमच उचला. पट्टी चिकटून गोठली आणि तुम्ही ओढली तर पॅडही सोबत येईल.

फ्लक्स राळेचाच घ्या. नळकामाच्या पेस्टमध्ये क्लोराइड असतात, कल्हईवाल्याच्या नवसागरातही तेच. भांड्यावर ते ठीक, सर्किटवर काही महिन्यांत हिरवा गंज चढतो.

सोळा पायांचा आयसी वाचवायचा नसेल तर सकर-विकची कसरत करूच नका. कटरने पाय अंगाशी कापा, एकेक पाय तापवून चिमट्याने ओढा, मग भोकं साफ करा. बोर्ड महत्त्वाचा, जळका आयसी नव्हे. आणि दुकानातून निघताना आठ, चौदा, सोळा पायांचे मूठभर आयसी बेस, म्हणजे आयसी खोचायचे सॉकेट, घ्या, म्हणजे पुढच्या वेळी आयसी नुसता उपटता येईल.