मावेज्याचे ११ लाख आणि १३ टक्क्यांची पावती

नागपूर-रत्नागिरी महामार्गात आमच्या रानाचा एक पट्टा गेला आणि २०२१ साली आबांच्या खात्यावर मावेजा जमा झाला. देणंघेणं फेडून, बहिणीला तिचं देऊन ११ लाख उरले. आबा एवढंच म्हणाले, "जमीन तर गेली, आता पैसा तरी जाऊ देऊ नको." तो पैसा मी घालवला. तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून लिहितोय.

मी लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकानावर मुनीम आहे. आमच्याकडं पोटलीतला नमुना बघून सौदा होतो, पण पोतं सोडल्यावर आतून ओला किंवा डागी माल निघाला की भाव तुटतो. मालाच्या बाबतीत कुणाच्या शब्दावर आम्ही जात नाही. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन १० हजारांच्या आसपास गेलं, तेव्हाही हा भाव टिकेलच असं छातीठोकपणे सांगणाऱ्याचं आम्ही ऐकलं नाही. ठेवीच्या वेळी मात्र मी नात्यावर गेलो.

दुकानात रोज संध्याकाळी पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करायला येणारा एजंट माझ्या बायकोचा चुलत भाऊ. त्याची मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी पतसंस्था, शाखा काचेची, एसी लावलेली. "दाजी, बँकेत पैसे सडवू नका. आम्ही १३ टक्के देतो, व्याज दर महिन्याला खात्यावर." बँकेत तेव्हा साडेपाच टक्क्यांच्या आसपास मिळत होते. ११ लाखांवर तिकडं महिन्याला ५ हजार, इकडं ११ हजार ९१६. आबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि पोरीची फी, दोन्ही भागत होतं.

पावती आजही माझ्यापुढं आहे. हिरवट कागद, कडेला वेलबुट्टी. वर ठळक अक्षरांत 'भारत सरकार मान्यताप्राप्त'. ती ओळ बघूनच आबांचं मन बसलं. संस्था दिल्लीत सहकारी संस्थांच्या केंद्रीय निबंधकाकडं नोंदलेली आहे, एवढाच तिचा अर्थ, हे मला नंतर कळलं. मल्टिस्टेट पतसंस्था ही बँक नाही. रिझर्व्ह बँकेचा परवाना तिला नसतो, आणि बँक बुडाली तर व्याजासकट ५ लाखांपर्यंत मिळणारं ठेव विम्याचं संरक्षणही नसतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलंय की ठेवीदार हा संस्थेचा नाममात्र सभासद आहे. शंभर रुपये घेऊन आबांचा अंगठा घेतला होता, तो त्यासाठीच.

अजून एक गोष्ट मला तेव्हाच सुचायला हवी होती, कारण व्याजाचा हिशोब मी रोज करतो. त्या वर्षी बँका घरासाठी ७ टक्क्यांच्या आसपास कर्ज देत होत्या. मग मला १३ टक्के द्यायचे तर संस्थेनं पुढं १६-१७ टक्क्यांनी पैसा लावायला पाहिजे. त्या दरानं कर्ज घेणारा कोण? ज्याला बँक दारात उभं करत नाही तो, किंवा संचालकांच्या घरातलाच कुणी. हा प्रश्न मी मेहुण्याला एकदाही विचारला नाही. त्यालाही उत्तर माहीत नव्हतं म्हणा. त्याच्या स्वतःच्या आईचे ४ लाख त्यातच आहेत, आणि ती म्हातारी अजून त्याच्याशी बोलत नाही.

सव्वीस महिने व्याज वेळेवर आलं. मग एका महिन्यात आठ दिवस उशीर, कारण सांगितलं सर्व्हर डाऊन. पुढच्या महिन्यात निम्मंच आलं. मी मुदतीआधी ठेव मोडायला गेलो तर मॅनेजरनं चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, अफवांवर जाऊ नका, उलट रिन्यू करा, अर्धा टक्का वाढवून देतो." चेक दिला, तो वटला नाही. शेवटच्या दिवशी शटर अर्धं खाली होतं आणि बाहेर पायऱ्यांवर बाया पिशवीत पावत्या घेऊन बसल्या होत्या. एकीनं पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले, एकाचं ऊसबिल. कुणी ओरडत नव्हतं. सगळे शटरच्या फटीतून आत कुणाचे पाय दिसतात का ते बघत होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. तालुक्याच्या सहाय्यक निबंधकानं 'आमच्या अखत्यारीत नाही' म्हणून हात वर केले. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली, ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, म्हणजे १९९९ च्या एमपीआयडीखाली गुन्हा नोंदला. त्यात संचालकांची मालमत्ता जप्त होऊन कोर्टाच्या आदेशानं लिलाव होतो आणि मग वाटप. वाट बघतोय. पतसंस्थेच्या शाखेतून फोन आला होता, मूळ पावती जमा करा, नवीन देतो. ती दिली नाही, हे एकच शहाणपण माझ्या हातून झालं. ज्यांनी दिली त्यांच्याकडं आता झेरॉक्स आहे फक्त. तुमचं असं काही अडकलं असेल तर मूळ पावती, पासबुक, न वटलेला चेक जिवापाड जपा. १५ हजार द्या, तुमची फाईल पुढं सरकवतो, असं म्हणत फिरणारे लोकही आहेत. आमच्या गल्लीत दोघांनी दिले. तो माणूस परत दिसला नाही.

परवा रात्री झोप येईना म्हणून वहीवर आकडे मांडले. आबा तेव्हा ६८ वर्षांचे होते. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर २०२१ साली ७.४ टक्के व्याज होतं, १५ लाखांपर्यंत ठेवता येत होते. ११ लाखांवर तिमाहीला २० हजार ३५०, म्हणजे महिन्याला ६ हजार ७८३. पतसंस्थेपेक्षा महिन्याला ५ हजार १३३ रुपये कमी. एवढ्या फरकासाठी मी आबांची जमीन दुसऱ्यांदा घालवली. ते पोस्ट आमच्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर आहे. आबांना हे अजून सांगितलेलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला ते विचारतात, "आलं का रे काही?"