पंगसच्या बोटुकलीला खाद्य: दिवसातून दोनदा की चारदा?

शेततळ्यात पंगस माशाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली की पहिल्याच आठवड्यात हा घोळ सुरू होतो. बीज देणारा म्हणतो, सकाळ-संध्याकाळ टाका, बास. शेजारचा मात्र चार फेऱ्या मारतो. माझं मत आधीच सांगतो: मासा 25-30 ग्रॅमचा होईपर्यंत चारदा, अगदीच जमेना तर तीनदा. पुढे दोनदा पुरे.

हिशेब बघा. 10 ग्रॅमची 5,000 बोटुकली म्हणजे 50 किलो वजन. वजनाच्या 6 टक्क्यांनी रोजचं खाद्य 3 किलो. दोनदा टाकलं तर वेळेला दीड किलो, चारदा टाकलं तर पाऊण किलो. खाद्याचा खर्च तोच. फरक पडतो तो कोणाच्या तोंडी किती जातं यात. दोनच वेळा मिळणार म्हटल्यावर दांडगे मासे तुटून पडतात आणि बारक्यांच्या वाट्याला चुरा येतो. दोन महिन्यांनी एकाच जाळ्यात वीतभर आणि बोटभर मासे निघतात, मग व्यापारी भाव पाडतो. शिवाय इवलंसं पोट एका वेळी घेणार तरी किती?

चारदाची अडचण एकच, माणूस. तळं घरापासून लांब असेल तर दुपारच्या फेऱ्यांना पेट्रोल जातं. पण हे दीड-दोन महिन्यांपुरतंच.

दुसरा वाद रोज वजनाच्या किती टक्के खाद्य टाकायचं, त्या तक्त्याचा. 5 ग्रॅमपर्यंत 8 टक्के, 10 ते 50 ग्रॅमला 5-6, 200 ग्रॅमपर्यंत 3-4, असा साधारण तक्ता असतो. दुसरी पद्धत पोटभर देण्याची: 15-20 मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं. पहिल्या वर्षी मी नुसता तक्ता धरला. वजन न करताच दर आठवड्याला खाद्य वाढवत गेलो. एका सकाळी वाऱ्याकडच्या कोपऱ्यात फुगलेल्या दाण्यांची साय दिसली, पाण्याला कुबट वास. पंगस वर येऊन हवा गिळतो, म्हणून पाणी बिघडलं तरी तो तगून राहतो आणि आपल्याला उशिरा कळतं. नुसतं पोटभरही धोक्याचंच, कारण हा मासा हावरा. टाकाल तितकं खातो आणि पोटात चरबी धरतो. म्हणून तक्त्याचा आकडा वरची मर्यादा समजा, हात आखडायचा तो डोळ्यांनी बघून. आता मी पाइपचं तरंगतं कडं करून त्यातच दाणे टाकतो, म्हणजे उरलेलं लगेच दिसतं.

दाणा तोंडात मावेल असा, आधी 1 मिलिमीटर, मग 2. प्रथिनं सुरुवातीला 32 टक्के, नंतर 28 चालतात.

सकाळचं खाद्य ऊन आल्यावरच. पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. आभाळ आलं तर निम्मं. थंडीत पाणी 20 अंशांच्या आसपास उतरलं की मासा खाणं जवळजवळ टाकतो. तेव्हा दोनदा की चारदा हा वादच मिटतो, दुपारी एकदा टाकायचं आणि तेही बेतानं.

दर 15 दिवसांनी फेकजाळं टाकून पन्नासेक मासे बादलीत तोला आणि त्या वजनावर पुढचं खाद्य ठरवा. तोलण्याच्या दिवशी सकाळचं खाद्य मात्र देऊ नका, नाहीतर पोटातलं खाद्यही वजनात धराल.